रविवारी दहाची घरभेट

“वहीत एकतीस घरं, अन् बाकावर एकोणीस माणसं. त्यातले दोन पाळण्यातले,” असं म्हणून कृष्णकांत सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला की बैठक लांबते, हे आर्वीच्या त्या लहानशा चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. लीनाने मांडीवरच्या ईराच्या हातात दुसरं बिस्कीट दिलं.

बैठकीला कारण झालं होतं वर्ध्याहून आलेलं एक पत्र. आर्वीला रविवारी चाळीस माणसंही जमत नसतील, तर इथली दर आठवड्याची उपासना बंद करून मंडळी पुलगावला जोडावी, असं वरच्या कमिटीचं मत पडत होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य पाळक, स्वतः येऊन डोकी मोजणार होते.

बाकीच्यांसाठी हा मंडळीच्या इज्जतीचा प्रश्न होता. लीनासाठी तो ईराच्या पोटाचा होता. साडेचार वर्षांची ईरा पुलगावच्या एसटीत बसली की वाटेतलं रोहणा गाव यायच्या आत पोटातलं सगळं बाहेर काढायची. लीनाने तिला लिंबू हुंगवून पाहिलं, पुढच्या सीटवर बसवून पाहिलं, उपाशी नेऊन पाहिलं. उपाशी नेलं की पोरगी ओकायची नाही, पण पुलगावपर्यंत रडायची. आणि आता हे दर रविवारी, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. म्हणून नव्या घरभेट समितीची चिटणीस कोण होणार, असं आर्वीच्या पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

“न येनाऱ्याच्या घरी जावं लागन,” छायाकाकू म्हणाल्या. “दोन गाणे म्हनले का मानूस आपोआप विरघळते.” छायाकाकू गायला लागल्या की शेजारच्या गल्लीतली कुत्री घरी जात. माणसं विरघळतील की नाही, याची कोणी खात्री देऊ शकत नव्हतं, पण हलतील एवढं नक्की.

लीनाने घरी येऊन वही आखली. नाव, पत्ता, माणसं किती, आणि चौथा रकाना: न येण्याचं कारण. तिची नजर बारीक होती, लहान लेकराच्या आईची असते तशी. कोण खोकतंय, कोणाच्या गॅलरीला कठडा नाही, कोणाच्या गाडीच्या हँडलला काय लटकलंय, हे तिला न बघता दिसायचं. त्यामुळे चौथा रकाना तासाभरात भरला. रूपराव: रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत पहिला नंबर, मटण शिजत टाकलं की घर सोडवत नाही. कोकिळाबाई: खिडकीजवळच्या त्यांच्या बाकावर दोन नाताळांपूर्वी छायाकाकू बसल्या. गोपाल: एसटीत कंडक्टर, रविवारची ड्यूटी मागून घेतो.

“हे असं लिहितात का?” तिच्या नवऱ्याने, सुमीतने, खांद्यावरून वाचत विचारलं.

“खरं आहे ते.”

“म्हणूनच म्हणतोय.”

पण वही दुसऱ्याच दिवशी सर घेऊन गेले, आणि त्यांनी ती पाठ केली.

पहिली भेट गुरुवारी संध्याकाळी रूपरावकडे ठरली. त्याचं पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान घरालाच लागून होतं, त्यामुळे तो घरी नाही असं होणं शक्य नव्हतं. रूपरावने स्वागत मात्र झकास केलं. “या सर, या काकू! बसा ताई. अवो, चहा मांड वो!”

चहा आला. रूपरावने कप उचलला. सर म्हणाले, “आधी प्रार्थना.”

सरांनी तीस वर्षं हेडमास्तरकी केली होती, तरी कोणाला तोंडावर टाकून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जे काही असेल ते ते देवाला सांगत. मात्र सविस्तर सांगत.

“हे प्रभू,” सरांनी डोळे मिटले, “हा तुझा सेवक रूपराव. याला तू धंदा दिलास, गाडी दिलीस, वरचा मजला दिलास. पण रविवारी सकाळी साडेआठला हा कुठं उभा असतो, ते तू वरून पाहतोस. मटणाच्या रांगेत, प्रभू. पहिल्या नंबरवर. आणि मांडीचंच मागतो.”

मांडीचं वहीत नव्हतं. ते सरांनी रांगेत मागे उभं राहून स्वतः पाहिलं असावं.

रूपरावने एक डोळा उघडला. लीनाला ते दिसलं, कारण तिचाही एक डोळा उघडा होता. ईरा तांब्याच्या तारेच्या रिळाकडे निघाली होती. रूपरावचा ओठ हलला, पण प्रार्थना चालू असताना उलट उत्तर देता येत नाही. आमेन म्हणून प्रकरण मिटवावं, तर सर श्वाससुद्धा वाक्याच्या मध्येच घेत होते. एवढ्यात एक शेतकरी खांद्यावर पाण्याची मोटार घेऊन दुकानात शिरला. आत सगळे डोळे मिटून बसलेले पाहून त्याला वाटलं घरात काही वाईट झालं. तो मोटार खांद्यावर तशीच ठेवून मान खाली घालून उभा राहिला.

वीस मिनिटांनी आमेन झालं. मग छायाकाकूंनी गीत काढलं. सहा कडव्यांचं. मग त्या शेतकऱ्याच्या मोटारीसाठी एक वेगळी प्रार्थना झाली. तो जाताना लीनाला हळूच विचारून गेला, “गेलं कोन, बाई?” रूपरावच्या बायकोने साय धरलेला चहा दोनदा गरम केला. दोन तास पाच मिनिटांनी मंडळी उठली, आणि सरांनी वहीत शेरा लिहिला, ‘भेट फलदायी.’

“सर, आता यापुढं कोनाकडे?” रूपरावने दारापर्यंत येत फार गोड आवाजात विचारलं.

“सगळ्यांकडे. एकही घर सुटणार नाही,” सर म्हणाले. “कोकिळाबाईंची तर आपल्याकडे पूर्ण माहिती आहे. ही लीना फार बारीक लिहिते.”

रूपरावने लीनाकडे पाहिलं. लीनाने ईराच्या चपलेचा पट्टा नीट असतानाही वाकून पुन्हा लावला.

शुक्रवारी पाच घरी गेले, शनिवारी सहा घरी. कोणी कामावर, कोणी शेतात, कोणी कापूस घेऊन मार्केटला. एकही माणूस भेटला नाही. पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार तेच झालं. शेवटी गुरुवारी रात्री सरांनी पुन्हा चष्मा काढला.

“आपण चुकीच्या वेळी जात आहोत. घरभेट रविवारी. सकाळी दहाला.”

“सर,” लीना म्हणाली, “दहाला आपली उपासना असते.”

“म्हणूनच! उपासनेला न येणारा माणूस उपासनेच्या वेळी कुठं असतो?” सरांनी वर्गाकडे पाहावं तसं सगळ्यांकडे पाहिलं. “घरी!”

या हिशेबात कोणालाच चूक सापडेना. फक्त पाळकसाहेब चाचरत म्हणाले, “पण मग इथं कोण बसेल?”

“साहेब, मेंढपाळ हरवलेल्या मेंढरामागे जातो की नाही? बाकीची मेंढरं जागेवर सोडूनच जातो.”

त्या गोष्टीत बाकीची मेंढरं नव्व्याण्णव असतात आणि ती जागेवर राहतात, हे पाळकसाहेबांच्या मनात आलं असावं. पण सरांच्याच शाळेत ते सातवीपर्यंत शिकले होते, त्यामुळे त्यांनी मान हलवली. ठरलं ते असं. पाळकसाहेब, त्यांची पत्नी आणि पेटी वाजवणारे अण्णाजी, या तिघांनी उपासना सांभाळायची. उरलेल्या सोळांच्या तीन टोळ्या करून, पाळण्यातले दोन धरून, गावभर पसरायचं. मोठे साहेब यायला अजून एक रविवार मध्ये होता, म्हणजे वेळ पुरेसा होता.

“लोकांना चर्चमध्ये आणायला तुम्ही सगळे चर्च सोडून चालले?” सुमीतने घरी विचारलं.

“एकच रविवार.”

“बरं. अन् मी कुठं बसायचं?”

“तू गाडी चालवणार आहेस.”

रविवारी बरोबर दहाला सर आणि छायाकाकू सरांच्या स्कूटरवर, सुमीत, लीना आणि मध्ये ईरा त्यांच्या गाडीवर, असे कोकिळाबाईंच्या दारात उभे राहिले. दाराला कुलूप होतं.

“बाजारात गेल्या असतील,” सर म्हणाले.

दुसऱ्या घरीही कुलूप. ते कुलूप अजून हलत होतं. लीनाने कुलपाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यावर एका गाडीचं मागचं चाक आणि लाल साडीचा पदर दिसला न दिसला आणि नाहीसा झाला.

“सर, ही माणसं आत्ताच गेलीत.”

“योगायोग.”

गोपालकडेही कुलूप होतं. शेजारची बाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. छायाकाकूंनी तिला विचारलं, “कुठी गेले वो हे लोक?”

“पळत गेले जी आत्ता. लेकराच्या अंगात शर्टबी रस्त्यानंच घातला. तुम्ही चर्चवाले नं?”

“हो.”

“मंग तुम्हालेच मालूम असन,” ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

“पाहा,” सर रस्त्यावर येऊन खिन्नपणे म्हणाले, “लोकांचं बोलणं किती तिरकस झालंय.”

साडेदहापर्यंत दुसऱ्या दोन टोळ्यांचे फोन आले. तिकडेही कुलपंच. मिळून सतरा घरं, सतरा कुलपं. रूपरावचं दुकानसुद्धा बंद होतं, जे त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीही अर्धं उघडं होतं. ऊन चढायला लागलं. ईराने विचारलं, “मम्मी, आज सगळ्यांच्या घरी कुलूप-कुलूप खेळतात का?” तेवढ्यात लीनाचा फोन वाजला. पाळकसाहेब. कुजबुजत होते.

“लीनाताई, मोठे साहेब आलेत.”

“आज?”

“पुढच्या रविवारी त्यांना सेलूला लग्न आहे म्हणे. आजच मोजून जातो म्हणतात. तुम्ही लवकर या, इथं तर—” पुढचं काही ऐकू आलं नाही. मागून कसला तरी मोठा गलका येत होता. नेटवर्क खराब आहे, असं लीनाला वाटलं.

तिच्या डोळ्यांसमोर चर्च उभं राहिलं. रिकामे बाक, एक पाळक, एक त्यांची बायको, एक पेटी. आणि लगेच त्याच्यापुढे पुलगावची एसटी, खिडकीशी ईरा, हातात प्लास्टिकची पिशवी.

“सर, आपण सोळा अन् ते तीन. एकोणीसच होतात!” तिचा आवाज चिरकला. “अजून एकवीस कुठून आणायचे?”

“डेपोवर चला,” छायाकाकू म्हणाल्या. “मानसं नुसते बसून राह्यतात तठी. अर्ध्या घंट्याची तं गोष्ट आहे. पंख्याखाली बसवू, पानी देऊ.”

“काकू! देवाच्या घरात उसनी डोकी?” सर ताठ झाले.

“मंग जाजो दर रविवारी पुलगावले, उन्हातान्हात.”

सरांनी मनगट वर केलं. मग घड्याळाकडे पाहत म्हणाले, “अमरावतीची गाडी साधारण लेट असते, नाही का?”

पण तेवढाही वेळ नव्हता. सुमीतने गाडी वळवली. तिन्ही टोळ्या तीन दिशांनी चर्चकडे निघाल्या. लीना वाटेत जमेल तशी प्रार्थना करत होती, आणि त्यात मुख्यतः मोठ्या साहेबांचा चष्मा आज घरी राहिलेला असावा, अशी मागणी होती.

चर्चच्या गल्लीत शिरायलाच जागा नव्हती. फाटकापासून नालीपर्यंत गाड्या लागल्या होत्या. पायऱ्यांवर चपलांचा ढीग. एका स्कूटरच्या हँडलला काळी पिशवी लटकत होती, आणि तिच्याखाली दोन कुत्री भक्तिभावाने वर पाहत बसली होती.

“ही तर रूपरावभाऊंची गाडी,” लीना म्हणाली.

दारातून आत पाहिलं आणि सगळे जिथल्या तिथं थांबले. एक बाक रिकामा नव्हता. खिडकीजवळच्या बाकावर कोकिळाबाई मधोमध, दोन्ही बाजूंना पदर पसरून, जणू सातबारा नावावर झाल्यासारख्या बसल्या होत्या. गोपाल खाकी ड्रेसवर आला होता. अण्णाजींना इतक्या माणसांपुढे पेटी वाजवायची सवय नव्हती, ते घामाघूम झाले होते. मोठे साहेब बोट दाखवत बाकांमधून फिरत होते.

“चव्वेचाळीस... पंचेचाळीस... हे लेकरू धरून सेहेचाळीस. वा!” त्यांची नजर दाराकडे गेली. धुळीने भरलेली, तोंडं लाल झालेली सोळा माणसं तिथं उभी होती. “अन् हे कोण?”

पहिल्या बाकावरून रूपराव उठला. फार नम्रपणे म्हणाला, “समितीचे लोक आहेत साहेब. येतात अधूनमधून.”

उपासना संपल्यावर लीनाने त्याला चिंचेखाली गाठलं. “रूपरावभाऊ, हे काय आहे?”

रूपरावने मोबाईल पुढे केला. त्यावर एक ग्रुप होता. नाव, ‘सर कुठी हायत’. सभासद सत्तावीस. सकाळपासूनचे संदेश ओळीने होते. ‘दोन स्कूटर डेपोकडून निघाल्या.’ ‘काकूचा आवाज आला, कुलूप लावा.’ ‘कोकिळामावशी निघा, तुमचा पयला नंबर आहे.’ ट्रॅफिक पोलिसाची गाडी चौकात उभी असली की पोरं असेच संदेश टाकतात.

“पण चर्चमध्येच काऊन आले सगळे?”

“मंग कुठी जाऊ ताई?” रूपराव कळवळला. “नातेवाइकाकडे जाव तं तठी तुमची दुसरी टोळी. बाजारात जाव तं सरांची स्कूटर कुठून निघन काय भरोसा? मानसाले देवासमोर काही वाटत नाई, तो सारं पाहूनच राह्यला. पन बायकोसमोर, गिऱ्हाइकासमोर, ते बी डोळे मिटून? आख्ख्या आर्वीत एकच जागा होती, जठी आज तुम्ही लोक नसनार हे पक्कं मालूम होतं.”

लीनाला हसू आलं, आणि रूपरावच्या तोंडाकडे पाहून ते तिने गिळलं. तिकडे मोठे साहेब पाळकसाहेबांच्या पाठीवर थाप मारत होते. आर्वीची उपासना आर्वीतच राहणार होती. “पण ही वाढ टिकली पाहिजे,” ते गाडीत बसता बसता म्हणाले. “ईस्टरपर्यंत मी कोणत्याही रविवारी येईन, न सांगता. अन् त्या समितीला म्हणावं, स्वतःच्या हजेरीकडेही जरा लक्ष द्या.”

गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा लीनाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तो पुरता बाहेर पडायच्या आत पाळकसाहेबांनी तिला, सरांना आणि छायाकाकूंना आतल्या खोलीत बोलावलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग ते हात चोळायला लागले.

“कसं सांगू... पुढच्या रविवारी तुम्ही लोक येऊ नका.”

“काय?”

“म्हणजे उपासनेला. बाकी फिरा. कोणाच्या घरात शिरायचीही गरज नाही, नुसतं दिसा. काकूंनी चौकात एखादं गीत म्हणावं. दोन कडवी पुरतील.” ते घाईघाईने बोलत सुटले. “तुम्ही इथं बसलात की ते घरी बसतील. मग आपण पुन्हा एकोणीस. तुम्ही बाहेर असलात की सेहेचाळीस. मी दोनदा मांडून पाहिलं, सर.”

छायाकाकू खिडकीतून आपल्या बाकाकडे पाहत होत्या. “म्हंजे ते कोकिळा आता दर रविवारी तठीच बसन?”

सरांचा चेहरा पडला होता. “चाळीस वर्षांत माझा एक रविवार चुकला नव्हता,” ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला, जे बैठकीत त्यांनी आजवर कधीच इतक्या लवकर केलं नव्हतं. “किती वाजता निघायचं?”

पुढच्या रविवारी साडेनऊला लीनाने ईराला चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या पत्नीजवळ बसवलं. ईरा आनंदात होती. तिच्या वयाची सात नवी पोरं तिथं आली होती, आणि तिने त्यांच्यातल्या तिघांना आधीच रांगेत उभं केलं होतं. लीनाने दारातून एकदा आत डोकावून पाहिलं, ईराच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते पाहिलं, आणि ती सुमीतच्या गाडीवर बसून कामाला निघाली.

रूपरावच्या गल्लीच्या तोंडाशी तिने सुमीतला हॉर्न वाजवायला सांगितला. लांब वाजवायला. रूपराव कुलूप लावतच होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, मागे बायको, बायकोच्या हातात दानाचं नवं पाकीट.

“सलाम, रूपरावभाऊ! घरीच आहात नं? आलोच आम्ही. सर मागून येऊन राह्यले.”

“नाई, नाई! चर्चले चाललो ताई. उशीर होऊन राह्यला.” त्याने गडबडीने किक मारली. गाडी सुरू झाली, पण निघता निघता तो थांबला. लीनाकडे त्याने जरा दयेने पाहिलं.

“ताई, राग नका मानू, एक सांगू? तुम्ही आजकाल चर्चले दिसतच नाई. लेकरू बिचारं एकटं बसते तठी. पोरीसाठी तरी येत जा.”

समोरच्या घराच्या खिडकीचा पडदा किंचित हलला. लीनाने तिकडे नजर ठेवूनच सुमीतच्या पाठीवर दोनदा टिचकी मारली, म्हणजे पुढचं घर.

“काय करू भाऊ,” ती म्हणाली, “रविवारी वेळच मिळत नाही.”